आठवड्याला एक चौकोन : ध्यानचित्रणाच्या वादाचा आढावा

कागदाचा तळहाताएवढा चौकोन घ्यायचा, त्यावर पेन्सिलीने एक सैल रेघ फिरवायची आणि त्या रेघेमुळे पडलेल्या कप्प्यांत शाईच्या बारीक पेनाने नक्षी भरत जायची. खोडरबर वापरायचा नाही, घाई करायची नाही, आणि चित्र कशाचे आहे हे कुणी विचारायचे नाही. त्याला जोड म्हणून दर आठवड्याला एक अट. या आठवड्यात फक्त वर्तुळे, पुढच्या आठवड्यात दोनच नक्ष्या, त्याच्या पुढे नेहमीचा हात सोडून दुसऱ्या हाताने. आठवडा संपण्याआधी चौकोन पुरा करायचा. जगभर अनेक माणसे असा सराव करतात. रत्नागिरीतही ‘मंडला आर्ट’ आता अनोळखी राहिलेले नाही, आणि त्याच्या पाठोपाठ ‘झेनटँगल’ हे नावही कानावर येऊ लागले आहे.

त्याबरोबर वादही आले. याला ध्यान म्हणावे का? मन शांत होते म्हणतात, त्याला आधार काय? आठवड्याच्या बंधनाने सराव टिकतो की त्याची स्पर्धा होते? आणि ज्यांच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या रांगोळी आहे त्यांनी हे नव्याने शिकावे असे त्यात काय आहे? बोलताना हे चारही प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि चर्चा भरकटते. म्हणून ते एकेक करून पाहू.

कागदावरची परंपरा

झेनटँगल या पद्धतीचा जन्म अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत झाला. मारिया थॉमस या सुलेखनकार. एका मोठ्या अक्षराच्या पार्श्वभूमीवर त्या बारीक नक्षी काढत होत्या आणि त्यात वेळेचे भान हरपले होते. हा अनुभव त्यांनी पती रिक रॉबर्ट्स यांना सांगितला. काही वर्षे संन्यस्त जीवन जगलेल्या रॉबर्ट्स यांना तो ध्यानाच्या जवळचा वाटला. पुढे दोघांनी मिळून त्याची रीत बांधली. साडेतीन इंच बाजूचा जाड कागद, त्याचे नाव ‘टाइल’. चार कोपऱ्यांत चार ठिपके, ते जोडणारी चौकट, आत वाट दाखवणारी पेन्सिलीची रेघ, मग नक्ष्या, शेवटी पेन्सिलीने छटा. सुरुवातीला कृतज्ञतेचा एक क्षण, आणि अखेरीस हात लांब करून चित्र न्याहाळणे. प्रत्येक नक्षी अगदी साध्या घटकांत मोडून शिकवतात: ठिपका, सरळ रेघ, कमान, वर्तुळ. चित्रकला येत नाही म्हणणाऱ्याला बसवता यावे अशीच ही रचना आहे.

मंडलाची वाट वेगळी. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ मध्ये, रोज सकाळी वहीत एक छोटे वर्तुळाकार चित्र काढत आणि त्या दिवशीच्या आपल्या मनःस्थितीशी ते ताडून पाहत. युंगनी तिबेटी बौद्ध परंपरेतला ‘मंडल’ हा शब्द त्यासाठी वापरला आणि पाश्चात्त्य कलोपचारात तो रुजला. पुढे २०१३ मध्ये जोहाना बॅसफर्ड यांचे मोठ्यांसाठीचे रंगवायचे पुस्तक आले आणि अशा पुस्तकांची लाटच उसळली. २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत बारीक काळी पेने आणि मंडलाच्या वह्या आल्या, त्या या लाटेचा पुढचा टप्पा म्हणून.

ठरावीक मुदतीची आव्हानेही याच काळातली. जेक पार्कर या चित्रकाराने २००९ मध्ये ऑक्टोबरभर रोज एक शाईचे चित्र काढायचे ठरवले आणि त्यातून ‘इंकटोबर’ उभे राहिले. रोजचा भार झेपत नाही म्हणणाऱ्यांसाठी नंतर वर्षाच्या ५२ आठवड्यांची आवृत्तीही निघाली. झेनटँगल करणाऱ्यांनी आठवड्याची लय त्याहून सहजपणे उचलली, कारण एक टाइल एका बैठकीत होते आणि आठवड्यातून एक बैठक बहुतेकांना जमते.

आपल्या अंगणातला सराव

आता कोकणाकडे वळू. इथे मला जरा रेंगाळायचे आहे, कारण या वादात रांगोळीचा उल्लेख हटकून होतो, पण बहुतेक वेळा तो एका वाक्यात उरकला जातो.

चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त धूलिचित्राचा उल्लेख आहे. रांगोळीसाठी शिरगोळ्याच्या मऊ पांढऱ्या दगडाची पूड देशभर चालते. कोकणात मात्र भाताची तुसे जाळून केलेली पांढरी राखही वापरत आले. भात पिकवणाऱ्या मुलखाला ती घरचीच.

ठिपक्यांची रांगोळी काढताना हात काय करतो ते पाहा. ‘सात ते चार’ची रांगोळी म्हणजे मधल्या ओळीत सात ठिपके, तिच्या दोन्ही अंगांना सहा, पाच, चार. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या फटींत बसवायची. एकूण ३७ ठिपके. ‘पंधरा ते आठ’ घेतली तर १६९. चिमटीतून पूड सोडताना अंगठा आणि तर्जनी एका लयीत उघडझाप करतात. तिसऱ्या ओळीतला ठिपका बोटभर सरकला तर त्या वेळी कळत नाही. पाकळ्या जोडायला घेतल्यावर एक पाकळी फताडी होते आणि मग कळते. तळव्याने तेवढा भाग पुसायचा, पुन्हा सुरू करायचे. उदबत्तीने भोके पाडलेला ठिपक्यांचा कागद घरोघर असे तो यासाठीच. हे सगळे होईपर्यंत मनात दुसरे काही राहत नाही. रांगोळी काढणारी कुणीही बाई हे सांगेल, फक्त ती त्याला ध्यान म्हणणार नाही.

मुदतीच्या आव्हानालाही इथे जुनी जोड आहे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर रोज चैत्रांगण काढतात. मधोमध गौर, भोवती शंख, चक्र, गदा, पद्म, सूर्य, चंद्र, गोपद्मे, लक्ष्मीची पावले, तुळशीवृंदावन, कासव, कैरी, करंडा, फणी. चिन्हे ठरलेली, मांडणी प्रत्येकीची. चातुर्मासात गोपद्मांचे व्रत असते: आषाढी एकादशीपासून कार्तिकापर्यंत रोज ३३ गोपद्मे, पाच वर्षे, आणि मग उद्यापन. हिशेब केला तर एका चातुर्मासात सुमारे चार हजार वेळा तीच आकृती हाताखालून जाते. त्यातही चातुर्मास म्हणजे रत्नागिरीचा धुवाधार पाऊस. अंगणात काही टिकत नाही, रांगोळी पडवीत किंवा देवघरापुढे येते, दमट हवेत पूड चिमटीला चिकटते. व्रत मात्र चुकवायचे नसते.

याच जिल्ह्याच्या सड्यांवर यापेक्षा कितीतरी जुन्या रेषा आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या मंदिराजवळ जांभ्यात कोरलेली चौकोनी भौमितिक आकृती आहे. गोव्यातल्या पानसायमळला चक्रव्यूहासारखी वेटोळी आहेत. काही उत्साही मंडळी यांना थेट ‘प्राचीन मंडला’ म्हणून मोकळी होतात. ते मला पटत नाही. कोरणाऱ्यांचा हेतू आपल्या हाती नाही, त्यांच्या मनःस्थितीबद्दल दावा करणे तर त्याहून दूरचे. एवढेच म्हणता येईल की पुनरावृत्तीची रेघ काढण्याची ओढ या भूमीत कागदाच्या आणि रांगोळीच्याही आधीची आहे.

शाळेचाही वाटा आहे. राज्य शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्या पिढ्यांना संकल्पचित्राचा तास आठवत असेल: दिलेल्या आकारात नक्षी बसवा, रंग सपाट भरा. पुढे ज्यांना कलेत जायचे त्यांच्यासाठी सावर्ड्याला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे, देवरुखला कला महाविद्यालय आहे. नक्षीचा सराव आपल्याकडे असा दोन ठिकाणी विभागला गेला. एक भाग व्रतात, दुसरा परीक्षेत. स्वतःच्या मनासाठी, कुणी गुण न देता आणि पुण्य न मोजता काढायची नक्षी या दोन्हींत बसत नव्हती. नव्या पद्धतीला इथे जागा मिळाली ती या फटीत, असे मला वाटते.

ध्यान म्हणावे का

पहिला पक्ष म्हणतो, म्हणू नये. रत्नागिरी जिल्ह्यात ध्यान म्हटले की पावस आठवते. तिथल्या स्वामी स्वरूपानंदांची (१९०३-१९७४) सोऽहं साधना नाथ परंपरेतली, गुरूकडून मिळालेली, श्वासाशी बांधलेली. तिला आयुष्य लागते. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस मौन पाळून बसलेल्यालाही हातात पेन घेऊन केलेली बैठक ध्यान वाटणार नाही. तिथे शिबिराच्या काळात लिहिण्यालासुद्धा मज्जाव असतो. या मंडळींचा मुद्दा असा की ध्यानात मन स्वतःकडे पाहते. नक्षीत मन नक्षीकडे पाहते, आणि पेन खाली ठेवले की जिथे होते तिथे परत येते. जपानी झेनचे नाव घेऊन त्यातली बैठक वगळणे त्यांना खटकते.

दुसरा पक्ष पातंजल योगसूत्रांचाच आधार घेतो. चित्त एका जागी बांधणे ही धारणा, त्या जागी अखंड प्रवाह राहणे हे ध्यान. बांधायची जागा नाकाचे टोक असू शकते, ज्योत असू शकते, तर पेनाचे टोक का नाही? शिवाय आपल्याकडे लिखित जप आहेच. रामनामाच्या वह्या भरणाऱ्या आजोबांना कुणी ‘हा नुसता हस्ताक्षराचा सराव’ म्हणाले नाही.

तिसरा पक्ष हा शब्दच टाळतो. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकापासून ‘फ्लो’ची कल्पना मांडली: काम फार सोपे नाही, फार अवघड नाही, पुढची पायरी स्पष्ट आहे, अशा वेळी माणूस त्यात बुडून जातो. विणकाम, सुतारकाम, गिर्यारोहण, सगळ्यांत ते घडते. या लोकांच्या मते नक्षी काढताना येतो तो हाच अनुभव. तो मोलाचा आहे, त्याला वेगळे अध्यात्म जोडण्याची गरज नाही.

मला स्वतःला तिसरी भूमिका सर्वांत सावध आणि म्हणून उपयोगी वाटते. मात्र दुसऱ्या पक्षाचा जपाचा मुद्दा तिने खोडलेला नाही. नाम लिहिताना शब्दाला अर्थ असतो, भाव असतो. गोपद्मालाही असतो. टाइलवरच्या नक्षीला तो मुद्दामच नसतो. अर्थ नसल्याने मन हलके होते की उथळ राहते, यावर दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे उभी आहेत.

प्रयोग काय सांगतात

२००५ मध्ये नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी अमेरिकेत ८४ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. आधी त्यांना भीतीचा एक अनुभव लिहायला लावून अस्वस्थ केले, मग वीस मिनिटे रंगवायला बसवले. एका गटाला मंडल, दुसऱ्याला चौकड्यांची नक्षी, तिसऱ्याला कोरा कागद. पहिल्या दोन गटांची चिंता जवळपास सारखी उतरली. कोऱ्या कागदाच्या गटाची तशी उतरली नाही. २०१२ मध्ये दुसऱ्या दोन संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा मंडल चौकड्यांहून सरस ठरले. म्हणजे वर्तुळाला काही खास गुण आहे का, हा प्रश्न दोन प्रयोगांनी दोन बाजूंना ओढला. कोऱ्या कागदापेक्षा मंडल सरस, एवढे मात्र दोन्हींत दिसले.

ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटे हवी ती कलाकृती करू दिली आणि आधी व नंतर लाळेतले कॉर्टिसॉल मोजले. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते घटले, आणि आधीच्या कलानुभवाने त्यात लक्षणीय फरक पडला नाही. ही बातमी खूप गाजली. पण या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेवढा वेळ नुसते शांत बसून काय झाले असते, हे त्यातून कळत नाही.

जॅकी अँड्रेड यांचा प्रयोगही सांगण्याजोगा आहे. कंटाळवाणा दूरध्वनी संदेश ऐकताना छापील आकार भरत बसलेल्यांनी, नुसते ऐकणाऱ्यांपेक्षा २९ टक्के अधिक तपशील लक्षात ठेवले. माणसे फक्त ४० होती आणि नोंद एका बैठकीची, पण वर्गात वहीच्या मागच्या पानावर नक्षी काढणाऱ्या मुलाला ओरडण्याआधी हा निष्कर्ष आठवावा.

या सगळ्यांत एक मर्यादा समान आहे. प्रयोग मिनिटांचे आहेत आणि सरावाचा दावा महिन्यांचा, वर्षांचा आहे.

आठवड्याचे बंधन

आव्हानाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा साधा आहे. कोरा कागद माणसाला अडवतो. अट त्याची वाट मोकळी करते. ‘काहीही काढ’ म्हटले की हात थबकतो, ‘फक्त कमानी वापर’ म्हटले की चालू लागतो. करी-कॅसर यांच्या कोऱ्या कागदाच्या गटाकडे पाहिले तर याला काही आधारही मिळतो. शिवाय सोबत असते. त्याच अटीवर दुसऱ्याने काय केले हे पाहण्यात शिकणे आहे. चैत्रांगण पाहायला शेजारणी एकमेकींच्या दारी थांबत, ते वेगळे काय होते?

विरोधकांचे म्हणणे असे की आठवडा ही लय सवयीसाठी विरळ आहे. लंडनमधल्या फिलिपा लॅली यांच्या २०१०च्या अभ्यासात साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि तो अभ्यास रोजच्या कृतींचा होता. आठवड्यातून एकदा केलेली गोष्ट प्रत्येक वेळी पुन्हा ठरवूनच करावी लागते. त्याहून गंभीर आक्षेप मुदतीचा. शनिवारी रात्री ‘राहिलंय’ म्हणून घाईने पुरा केलेला चौकोन कुणाला शांत करणार?

या वादात मला सर्वांत महत्त्वाचा पुरावा १९७३ चा वाटतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तीन ते पाच वर्षांच्या, मुळातच चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांना निवडले. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर रिबीन लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिले. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी, मोकळ्या वेळात, ज्यांना बक्षिसाचे आधी सांगितले होते तीच मुले चित्रांकडे कमी फिरकली. न सांगता दिलेल्या बक्षिसाने तसे झाले नाही.

हा निष्कर्ष साप्ताहिक आव्हानाला सरसकट लागू करणे चूक होईल, कारण प्रत्येक आव्हानात बक्षीस नसते. पण तो कुठे बोट ठेवावे हे दाखवतो. अट देणे आणि क्रमांक देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या रांगोळी स्पर्धांत दोन्ही एकत्र येतात: तीन तास, ठरलेला विषय, परीक्षक, पहिला-दुसरा-उत्तेजनार्थ. त्यातून रांगोळीची कला वाढली. व्यक्तिचित्रांची थक्क करणारी रांगोळी याच वाटेने आली. पण त्या मैदानात कुणी मन शांत करायला बसत नाही, आणि आव्हाने जर त्या वळणावर गेली तर तिथेही बसणार नाही. माझा कौल म्हणून अटीच्या बाजूने आहे, क्रमांकाच्या नाही.

इथे आणखी एक फरक लक्षात घ्यावा लागतो. रांगोळीत चूक पुसता येते, पण सगळी रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडूखाली जाते. टाइलवर चूक पुसता येत नाही, पण टाइल डब्यात जपून राहते. एकात चुकीला क्षमा आणि फळावर पाणी, दुसऱ्यात चुकीचा स्वीकार आणि फळाचा संग्रह. कुठल्या रीतीने माणूस आपल्या कामापासून अधिक मोकळा होतो यावर गंभीरपणे फार कमी बोलले गेले आहे. त्यातच आता रांगोळीचाही फोटो काढून ठेवतात, तेव्हा हा फरक आपोआप पुसट होत चालला आहे.

मालकी आणि श्रम

झेनटँगल हे नोंदणीकृत नाव आहे आणि ते शिकवणाऱ्यांसाठी प्रमाणपत्राची व्यवस्था आहे. समर्थक म्हणतात, त्यामुळे रीत शुद्ध राहते. टीकाकार म्हणतात, ठिपका आणि रेघ कुणाच्या मालकीची नाही. कायद्याने संरक्षण नावाला आहे, नक्षी काढण्याला नाही, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवले तर निम्मा वाद मिटतो.

‘आपली रांगोळी असताना हे कशाला’ या प्रश्नाला मात्र असे उत्तर नाही. तमिळनाडूच्या कोलमला गणिताच्या अभ्यासकांनी मान दिला. १९७०च्या दशकात मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधल्या गिफ्ट सिरोमनी आणि राणी सिरोमनी यांनी ठिपक्यांभोवती फिरणाऱ्या त्या रेषांचे व्याकरण मांडले आणि संगणकशास्त्रात त्यावर पुढे काम झाले. आपल्या ठिपके जोडणाऱ्या रांगोळीच्या वाट्याला एवढे लक्ष आलेले नाही. अभिमान बाळगणाऱ्यांची तक्रार इथे रास्त आहे.

पण अनेक बायका दुसरी बाजू सांगतात, आणि तीही ऐकली पाहिजे. अंगण सारवणे, सडा, रांगोळी ही दिवसाची पहिली कामे, आणि ती टाळायची मुभा नव्हती. जे करावेच लागते त्यात शांती सापडतेच असे नाही. टाइल हे निवडलेले काम आहे. ते केले नाही तर घरात कुणी विचारत नाही. शिवाय पुरुषही विनासंकोच टाइल काढायला बसतो. दारातल्या रांगोळीला बसायला अजूनही थोडेच पुरुष तयार होतात.

काय राहिले

दीर्घकाळ सराव करणाऱ्यांचा अभ्यास हवा आहे. अट देणारे आव्हान आणि क्रमांक देणारे आव्हान यांची थेट तुलना हवी आहे. अर्थ असलेली आकृती आणि अर्थ नसलेली आकृती यांतला फरक मोजला गेला पाहिजे, आणि त्यासाठी कोकणाइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. चातुर्मास साधारण सतरा आठवड्यांचा असतो. त्याच काळात रोज गोपद्मे काढणाऱ्या बायका इथे आहेत, आठवड्याला एक टाइल काढणारे आहेत, आणि दोन्ही न करणारे शेजारीही आहेत. सावर्डे किंवा देवरुखच्या विद्यार्थ्यांनी रत्नागिरीतल्या एखाद्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना सोबत घेऊन हे तीन गट एका पावसाळ्यात पाहावेत. आषाढी एकादशीला प्रत्येकाशी एकदा बोलावे, मध्ये श्रावणात एकदा, आणि कार्तिकात चातुर्मास संपताना पुन्हा. कोणी मध्येच सोडले आणि का सोडले, याची नोंद त्यात सर्वांत जपून करावी लागेल.